फेब्रुवारीअखेर थार वाळवंट, स्वतःच्या गाड्या : तयारी काय आणि किती?

गिअरगप्पा

पुण्याहून दोन गाड्या जैसलमेरला न्यायचं घाटतंय, फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात. एक थार (डिझेल, मॅन्युअल, १८ इंची चाकं) आणि एक जिमनी, तीही मॅन्युअल. माणसं पाच. हाताशी नऊ दिवस, त्यातले तीन वाळूत घालवायचे. चिखल आणि दगड सगळ्यांच्या सवयीचे आहेत, वाळू नाही.

विचारायचं ते असं. टायर बदलावे लागतील का? हवा किती ठेवायची? वाळूत गाडी घालायला कुठे मुभा आहे, कुठे नाही? रुतल्यावर काढायला सोबत काय हवं? आणि मुळात तारखा बरोबर आहेत का, की थोडं आधी जावं? जैसलमेरजवळच्या सम किंवा खुडी गावाला तंबूत राहून आजूबाजूला गाड्या फिरवायच्या, एवढाच बेत सध्या डोक्यात आहे.

टपरीवाला

वाचतोय. २७ला मराठी भाषा दिन आहे, वाळूवर बोटाने शुद्धलेखन गिरवून या.

हवापाणी

टायर बदलू नका. वाळूला खोल खाचांचे मड टेरेन टायर उलट वाईट, ते खणत खाली जातात. कंपनीचे ऑल टेरेन किंवा हायवे टायर चालतात. वाळूत टायरपेक्षा हवा महत्त्वाची.

डांबरावर तुम्ही ३० ते ३३ पीएसआय ठेवत असाल. मऊ वाळूला थारसाठी १६ ते १८, जिमनीसाठी १४ ते १५ पासून सुरुवात करा. हवा कमी केली की टायर रुंद होतो असं सगळे समजतात. खरं तर तो लांब होतो. जमिनीला टेकणारा पट्टा पुढेमागे वाढतो, वजन पसरतं आणि चाकापुढे वाळूचा ढिगारा साचत नाही. रुतलात तर १२ पर्यंत उतरा, बाहेर पडलात की परत १५-१६ ला या. १० च्या खाली गेलात आणि जोरात स्टिअरिंग वळवलं, तर टायर रिमवरून उतरतो.

अजून एक. सकाळी गार टायरमध्ये १६ भरलेली हवा दुपारी वाळू तापल्यावर १९-२० दाखवते. सकाळी चढलेला धोरा (वाळूची टेकडी) दुपारी चढत नाही म्हणून लोक गाडीला शिव्या घालतात. जेवणानंतर गेज लावा.

थार घेताना १६ इंची चाकांचं व्हेरियंट घेतलं असतं तर बरं झालं असतं. २४५/७५ आर १६ ची बाजू साधारण १८४ मिलिमीटर उंच, तुमच्या २५५/६५ आर १८ ची १६६. बाजू जितकी उंच तितका टायर हवा कमी केल्यावर छान बसतो. जिमनीची १५६ आहे, पण तिची गोष्ट वेगळी. ती थारपेक्षा जवळपास पाचशे किलो हलकी.

फोर_लो

हवापाणी, जिमनीला १४ ठीक, पण त्या १.५ पेट्रोल इंजिनाला खालच्या आरपीएमला दम नाही हेही सांगा की. थार डिझेल फोर-हायमध्ये (चारही चाकांना ताकद, नेहमीचा वेग) दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर आरामात खेचते. जिमनीला लांब चढ असेल तर फोर-लो (चारही चाकांना ताकद, वेग कमी पण जोर जास्त) लावून दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये, ३५०० ते ४५०० आरपीएमवर ठेवावं लागतं. चढाच्या मध्यावर गिअर बदलला की संपलं. क्लच दाबल्याच्या त्या अर्ध्या सेकंदात वाळू गाडीला ब्रेक लावते. गिअर खालीच ठरवायचा.

फोर-लो लावल्यावर जिमनीचं ईएसपी (चाक घसरू न देणारी यंत्रणा) आपोआप बंद होतं. थारमध्ये फोर-हायला असताना बटण दाबून बंद करा. नाहीतर चाक जरा फिरलं की ते इंजिनाची ताकद कापतं, तेही नेमकं चढावर.

अर्ध्या क्लचवर गाडी काढण्याचा घाटातला हात वाळूत नको. जळका वास आला तर थांबा, बॉनेट उघडा, पंधरा-वीस मिनिटं चहा प्या. वाळूचे कण रगडून तेल गळेल न गळेल, क्लच प्लेट नक्की जाईल.

टपरीवाला

>> चहा प्या

अखेर धाग्यात कामाचं काहीतरी आलं.

रानजाई

कुठे चालवायची हे आधी ठरवा, किती पीएसआय ते नंतर.

सम आणि खुडी ही दोन्ही ठिकाणं मरू राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत किंवा अगदी तिच्या कडेला येतात. ३१६२ चौरस किलोमीटर, जैसलमेर आणि बाडमेर दोन्ही जिल्ह्यांत पसरलेलं. नावात राष्ट्रीय उद्यान असलं तरी अधिसूचना अभयारण्याची आहे. परवानगीशिवाय आत शिरणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा, वाळूवर गाडी उडवणं तर सोडाच. माळढोक, म्हणजे तिकडचा गोडावण, राजस्थानचा राज्यपक्षी. त्याच्या उरल्यासुरल्या जागांपैकी ही सर्वांत मोठी. सेवण गवतात तो तुम्हाला दिसणार नाही, तुम्ही मात्र त्याला किलोमीटरभरावरून ऐकू येता.

"सगळे जीपवाले चालवतात" हे उत्तर मला माहीत आहे. ते स्थानिक आहेत, ठरलेल्या पट्ट्यात फिरतात, आणि चुकतातही.

उंटावरचा शहाणा

रानजाईंना +१. समला स्वतःची गाडी घालू नये याला दुसरंही कारण आहे. संध्याकाळी तिथे उंट, पायी फिरणारे पर्यटक, रील काढणारी पोरं आणि धोऱ्याच्या पलीकडून उडी मारून येणाऱ्या उघड्या जीपा, सगळं एकाच वाळूवर. माथ्यापलीकडे कोण उभं आहे ते तुम्हाला कळत नाही. शिकाऊ माणसाने अशा जागी जाऊच नये.

बाकी कुठे जाऊ नये त्याची यादी लांब आहे.

पोखरण फायरिंग रेंज आणि चांदणची हवाई दलाची रेंज. कुंपण सगळीकडे नाही, आणि न फुटलेले गोळे वाळूत असतात. नकाशावर मोकळी जागा दिसली म्हणजे ती मोकळी नसते.

सीमेलगतचा पट्टा. तनोटपर्यंतच्या डांबरी रस्त्यावर पर्यटक जातात, पण रस्ता सोडून वाळूत शिरलात तर सीमा सुरक्षा दल तुम्हाला उचलणार. तनोटच्या पुढे सीमाचौकी बघायला वेगळा पास लागतो. नियम बदलत असतात, तेव्हा निघण्याआधी जैसलमेरात विचारून घ्या.

ओरण म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान. तिथे फांदीसुद्धा तोडत नाहीत. आणि खडीन. पावसाचं पाणी बांध घालून अडवायचं, ते मुरलं की त्या ओलीवर रब्बी काढायची, ही पालीवाल ब्राह्मणांची पद्धत. फेब्रुवारीत तिथे हरभरा-गहू उभा असतो. वाळवंटात हिरवं सपाट मैदान दिसलं की गाडी घालायचा मोह होतो. ते कुणाचं तरी वर्षाचं धान्य आहे.

गिअरगप्पा

एवढ्या जागा वगळल्यावर उरतं काय?

मरुवाट

बरंच उरतं. थारमधली सगळी वाळू जैसलमेरात नाही.

बाडमेर शहराजवळ महाबारचे धोरे आहेत, तुमच्या वाटेवरच. जोधपूर-जैसलमेर रस्त्यावर देचू, आणि जोधपूरच्या उत्तरेला ओसियां. या तिन्ही जागा अभयारण्याबाहेर आहेत. जमीन बहुतेक कुणाच्या तरी मालकीची किंवा गावाची असते, तेव्हा तिथल्या कॅम्पवाल्यामार्फत विचारायचं आणि स्थानिक चालक सोबत घ्यायचा. तो पुढच्या गाडीत बसेल, मागच्या नाही.

आता वाळू वाचण्याबद्दल. थारचे धोरे घडवतो उन्हाळ्यातला नैर्ऋत्येचा वारा. त्यामुळे नैर्ऋत्येची बाजू लांब, मंद उताराची आणि घट्ट. ईशान्येची बाजू आखूड, ३२-३४ अंशांची आणि भुसभुशीत. हिवाळी वारा उलट्या दिशेचा असला तरी एवढा ढिगारा हलवण्याइतका जोर त्याच्यात नसतो. म्हणजे नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जाताना तुम्ही घट्ट बाजूने चढता आणि मऊ बाजूने घसरत उतरता, हे जमतं. परतताना तीच मऊ भिंत समोर उभी. म्हणून रस्ता आखतानाच परतीची वाट धोऱ्यांच्या मधल्या सपाटीतून ठेवा. पहिल्याच खोलगट वाटीत उड्या मारत उतरणारे तिथेच अडकतात, कारण तीन बाजूंनी मऊ उतार असतो.

बरेच धोरे नालेच्या आकाराचे असतात, दोन्ही हात नैर्ऋत्येकडे. हातांवर फोग, खींप, रुई उगवलेली असते. जिथे झुडूप आहे तिथे वाळू सहसा घट्ट. पण झुडपावरून गाडी घालायची नाही, शेजारून न्यायची.

फोर_लो

मरुवाटांचं पुढे नेतो. चढताना सरळ, उतरताना सरळ. तिरकं कधीच नाही. माथ्याजवळ गाडी मंदावली आणि चढणार नाही असं वाटलं तर वळवू नका, क्लच दाबून न्यूट्रलवर घसरूही देऊ नका. रिव्हर्स टाका आणि आलेल्याच चाकोरीतून सरळ मागे या. उतारावर गाडीची शेपूट बाजूला जायला लागली तर स्टिअरिंग उताराच्या दिशेने आणि किंचित रेस. ब्रेक दाबलात की गाडी आडवी होते आणि पुढे उलटते. समला जीपा उलटतात त्या बहुतेक अशाच.

थांबायचं असेल तर तोंड उताराकडे करून, आणि ब्रेक न दाबता, गाडी आपोआप थांबू द्या. ब्रेकने चाकापुढे वाळूची पायरी तयार होते, निघताना तीच आडवी येते.

दोरखंड

रुतल्यावर लागणारं सामान. दोन गाड्या आहात, म्हणून विंच नको. वाळूत विंचचा हूक अडकवायला झाड नसतं आणि असलं तर ते खेजडीचं, म्हणजे शमीचं असतं, त्याला हात लावायचा नाही.

फावडी दोन, लांब दांड्याची. फोल्डिंग खेळणी नकोत.

ट्रॅक्शन बोर्ड, म्हणजे रुतलेल्या चाकाखाली सारायच्या खाचांच्या पट्ट्या, चार. एका गाडीला दोन पुरतात, पण दोन्ही गाड्या एकाच वेळी रुततात हा वाळूचा नियम आहे.

कायनेटिक (ओढल्यावर ताणली जाणारी) दोरी, ९ मीटर, १९ ते २२ मिलिमीटर जाडीची, तुटण्याची क्षमता भरलेल्या गाडीच्या वजनाच्या तीन-चार पट. त्यासोबत सॉफ्ट शॅकल (दोरी गाडीला जोडायच्या दोरीच्याच कड्या) तीन-चार. लोखंडी डी-शॅकल टाळा. काही तुटलंच तर तो तोफगोळा होतो. साधी टो-दोरी चालत नाही, ती ताणली जात नसल्यामुळे धक्का थेट चेसिसला बसतो.

दोरी फक्त कंपनीने दिलेल्या टो-हुकाला. मागच्या टो-बॉलला दोरी लावू नका. बॉल तुटला की काचेतून आत येतो, जगभरात त्याने माणसं मेली आहेत. दोरीवर मध्यभागी जाड घोंगडी टाका, बाकीची माणसं दोरीच्या दीडपट लांब उभी.

जॅकखाली ठेवायला १८ मिलिमीटर प्लायवूडची फळी, ४० बाय ४० सेंटिमीटर. ती नसेल तर गाडी वर येण्याऐवजी जॅक खाली जातो.

पण हे सगळं नंतर. गाडी थांबली की पहिल्या दोन सेकंदांत ॲक्सिलरेटर सोडलात तर बहुतेकदा दोरी लागतच नाही. उतरा, हवा १२ वर आणा, चारही चाकांपुढची वाळू उताराने काढा, पोटाखालची काढा, मग रिव्हर्सने बाहेर. लोक नेमकं उलटं करतात. आधी गाडी डिफरन्शियलपर्यंत गाडतात आणि मग फावडं शोधतात.

टपरीवाला

दोरखंडजी, घोंगडी कोल्हापुरी चालेल की राजस्थानीच हवी?

दोरखंड

ओली असली तर उत्तम. प्रांत तुमचा.

हवापाणी

कंप्रेसर राहिला. लायटर सॉकेटला लावायचा नाही, त्याचा फ्यूज १० किंवा १५ अँपिअरचा असतो, उडतो. चिमट्यांनी थेट बॅटरीला, इंजिन चालू ठेवून. ३५ लिटर प्रति मिनिटवाला छोटा कंप्रेसर थारच्या चार चाकांना १६ वरून ३२ वर न्यायला वीस-पंचवीस मिनिटं खातो आणि मध्ये तापून बंद पडतो. दोन सिलिंडरवाला घ्या, ७० लिटरच्या पुढचा. दोन गाड्यांना एक पुरे, पण त्याचा फ्यूज आणि पाइप जास्तीचे ठेवा.

डांबरावर आल्यावर हवा भरल्याशिवाय ताशी ४० च्या वर जाऊ नका. कमी हवेत बाजू सतत मुडपते, तापते आणि आतून चिरते. ती फुटते नंतर, हायवेवर.

उंटावरचा शहाणा

आणि काटे! वेडी बाभूळ सगळीकडे माजली आहे. कमी हवेने टायरची बाजू बाहेर फुगलेली असते, काटा नेमका तिथे घुसतो. पृष्ठभागावरचं भोक प्लगने बुजतं, बाजूचं नाही. बाभळीच्या कुंपणाशेजारून वाट असेल तर तेवढ्यापुरती हवा वाढवा किंवा हातभर लांबून जा. प्रत्येक गाडीचं एक स्टेपनी चाक पूर्ण हवेनिशी हवं.

रानजाई

काट्यांवरून गवत आठवलं. फेब्रुवारीअखेर सेवण पूर्ण वाळलेलं असतं. त्याचं बी आणि भुसा रेडिएटरच्या जाळीत बसतो आणि इंजिन तापतं. एक मच्छरदाणीचं कापड ग्रिलला बांधा आणि दर थांब्याला झटका. त्याहून गंभीर म्हणजे गाडीच्या पोटाखाली सायलेन्सरजवळ अडकलेलं गवत. डिझेल गाडीचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) स्वतःला साफ करत असतो तेव्हा तिथलं तापमान काही शे अंशांवर जातं, आणि वाळलेल्या गवतावर उभी केलेली गाडी पेटते. उघड्या वाळूवरच उभी करा. एक किलोचा अग्निशामक सीटखाली, सामानाच्या तळाशी नाही.

शेकोटीला खेजडी तोडू नका, सुकलेलीसुद्धा. १७३० साली खेजडलीत ३६३ बिश्नोईंनी याच झाडासाठी जीव दिला. लाकूड गावातून विकत मिळतं.

बिनतारी

गाडी ते गाडी बोलण्याचं काय ठरवलंय? धोऱ्यामागे गेलात की मोबाइलला रेंज असूनही उपयोग नाही, तेवढ्यात बोलायचं असतं.

सॅटेलाइट फोन आणि सॅटेलाइट मेसेंजर भारतात परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. परदेशातल्या भावाने दिलाय म्हणून घेऊन जाऊ नका. सीमावर्ती जिल्ह्यात तो पकडला गेला की सहल पोलिस ठाण्यात संपते. ऑनलाइन मिळणारे स्वस्त ५ वॉटचे वॉकीटॉकीही हॅम (हौशी रेडिओ) परवान्याशिवाय बेकायदेशीर. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवर अर्ध्या वॉटपर्यंतचे संच परवानामुक्त आहेत, तेच घ्या. मध्ये धोरा नसेल तर एक-दोन किलोमीटर पुरतात, मध्ये असेल तर काहीशे मीटर. म्हणून पुढच्या गाडीने माथा ओलांडून, बाजूला होऊन "ये" म्हटल्याशिवाय मागच्याने चढायचं नाही. दोन्ही गाड्यांना काठीवर भगवा किंवा लाल झेंडा, जमिनीपासून तीन मीटर उंच.

ड्रोन घरी ठेवा.

फोर_लो

>> भगवा किंवा लाल

धाग्याचं राजकारण होण्याआधी निऑन हिरवा सुचवतो.

मरुवाट

तारखांचं कुणी बोललंच नाही.

शेवटचा आठवडा चालेल, पण सीमारेषेवर आहे. दिवसा २८ च्या आसपास, कधी ३० च्या वर. रात्री ११-१२. जानेवारीत रात्र पार गोठवते, तर मार्चच्या मध्यापासून दुपार वाळूत काढवत नाही. फेब्रुवारीची चांगली गोष्ट म्हणजे पहाटेचं दव. वरचा थर सकाळी किंचित ओलसर आणि घट्ट असतो, दहा-साडेदहापर्यंत गाडी छान चालते. नंतर तीच वाळू सुटी होते. तिकडे या दिवसांत सव्वासातच्या सुमारास उजाडतं आणि पावणेसातला मावळतं. म्हणजे साडेसात ते अकरा आणि साडेचार ते सव्वासहा एवढाच वाळूचा वेळ धरा. भर दुपारी सूर्य डोक्यावर असताना सावली पडत नाही, मग खड्डा आणि उंचवटा सारखेच दिसतात. अपघात तेव्हा होतात.

पश्चिमी विक्षोभ आला तर या दिवसांतही पाऊस-गारा होतात. धोरे पावसाने उलट घट्ट होतात, भीती त्यांच्यामधल्या खारट सपाटीची. वर पापडासारखी सुकी कड, खाली गाळ. तिथे हवा कमी करूनही काही होत नाही. पावसानंतर दोन-तीन दिवस अशा जागा टाळा.

मरू महोत्सव माघ त्रयोदशी ते पौर्णिमा असतो. पंचांग बघा. तुमच्या तारखांना तो आला तर जैसलमेरात खोली मिळणं अवघड.

गिअरगप्पा

सगळ्यांचे आभार. बेत बदलला. पुणे-अहमदाबाद, अहमदाबाद-बाडमेर, एक दिवस महाबारला शिकणं. मग जैसलमेर, तिथे गाड्या डांबरावरच. सम उंटावरून. नंतर देचूला दोन दिवस आणि जोधपूर-पालनपूरमार्गे परत. इंधन आणि पाण्याचा अंदाज कुणी सांगेल का?

फोर_लो

वाळूत मायलेज निम्म्याच्या खाली जातं असं धरा. जिमनीची टाकी ४० लिटरची, तिच्या हिशोबाने ठरवा. वाळूत शिरताना टाकी फुल्ल, निम्मी झाली की बाहेर. देचू हमरस्त्यावर आहे, कॅन लागणारच नाहीत. पेट्रोल प्लॅस्टिकच्या डब्यात तर अजिबात नको.

रानजाई

पाणी माणशी दिवसाला पाच लिटर, वर गाडीमागे दहा. छतावर नाही, सीटमागे खाली. छतावर साठ किलो चढवलेत तर मरुवाटांच्या त्या ३२ अंशांवर कळेल. बूट घालण्याआधी झटका. थंडी ओसरतेय, विंचू आणि फुरसं फिरायला लागतात.

उंटावरचा शहाणा

बाडमेरचा टप्पा उजेडात संपवा. सांचोरच्या पुढे रात्री नीलगाय आणि मोकळी गुरं रस्त्यावरच बसलेली असतात, आणि उंटाचे पाय बॉनेटच्या उंचीचे असल्यामुळे धडकेत तो थेट काचेवर येतो. बाजरीची रोटी आणि केर-सांगरी मिळेल तिथे खा, बाकी काही सांगत नाही.

हवापाणी

देचूहून निघताना चारही रिमच्या आतल्या बाजूला साचलेली वाळू धुऊन टाका. ती तशीच राहिली की ताशी ८० च्या वर स्टिअरिंग थरथरतं आणि लोक व्हील बॅलन्सिंग करून पैसे घालवतात. एअर फिल्टर काढून हलक्या हाताने आपटा, फुंकायचा असेल तर आतून बाहेर आणि कमी दाबाने. गाडी डांबरावर टू-हायला (फक्त दोन चाकांना ताकद) आणल्याची खात्री करा. कोरड्या रस्त्यावर फोर-हाय राहिलं तर ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) आवळते.

टपरीवाला

आणि सम उंटावरून करणार आहात, तर उंटाला किती पीएसआय तेही विचारून घ्या.